तेराव्यानंतर आजीचं काय उरतं?

गावात माणूस गेलं की एकवीस दिवसांच्या आत त्याची नोंद करावी लागते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या नियमांनी ही मुदत घालून दिली आहे. ग्रामपंचायतीत त्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेला अर्ज बारकाईने वाचण्यासारखा आहे. नाव, वय, पत्ता, मृत्यूचं ठिकाण आणि कारण ही माहिती तो विचारतोच. त्यापुढे मृत व्यक्ती तंबाखू खात होती का आणि किती वर्षं, सुपारी खात होती का, दारू पीत होती का, हेही विचारतो. एक रकाना व्यवसायाचा आहे. व्यवसाय नसेल तर तसं लिहावं, अशी सूचना त्याच्याशेजारी असते. म्हातारी बाई गेली की या रकान्यात बहुतेक वेळा ‘घरकाम’ लिहिलं जातं, नाहीतर ‘काही नाही’. तिने गावातली किती बाळंतपणं निभावली, साथीच्या वर्षी किती घरांत रात्री जागून काढल्या, बचत गटाची पेटी किती वर्षं सांभाळली, कोणाच्या मुलीचं लग्न वयाआधी होऊ दिलं नाही, यासाठी अर्जात जागा नाही. तिने मिश्री किती वर्षं लावली हे सरकारदरबारी कळतं, तिने गाव किती वर्षं सांभाळलं हे कळत नाही.

दोष एकट्या अर्जाचा नाही. अर्ज आरोग्याच्या आकडेवारीसाठी बनवलेला आहे आणि ते काम तो नीट करतो. पण आपल्या घराच्या नि गावाच्या आठवणीतही तो रकाना तसाच कोरा राहतो, आणि हे जास्त गंभीर आहे. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर ‘प्रेमळ, मायाळू, कष्टाळू, धार्मिक वृत्तीच्या’ असे चार शब्द येतात. दशक्रियेला प्रवचन होतं, तेराव्याला गोड जेवण होतं, वर्षश्राद्धाला फोटोला हार पडतो. ही सगळी विशेषणं खरी असतात, पण ती तिच्या स्वभावाबद्दल सांगतात, कामाबद्दल काहीच सांगत नाहीत. पुरुष गेला तर ‘पंधरा वर्षं सोसायटीचे चेअरमन होते’ असं तरी लिहिलं जातं. बाईच्या वाट्याला मायाच येते. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: गावासाठी आयुष्यभर झटलेल्या आजीला नुसत्या मायेने आठवणं ही अर्धी आठवण आहे. तिचं काम काम म्हणून, तपशिलाने आणि हिशेबाने लिहून ठेवलं पाहिजे. तसं केलं नाही तर तिच्यासोबत गावाचं ज्ञानही जातं, आणि पुढच्या बाईला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

हा प्रश्न शेंद्र्यासारख्या ठिकाणी जास्त टोकदार होतो. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं की शेंद्र्याची पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. 2001 मध्ये स्कोडाचा मोटार कारखाना इथे उभा राहिला. पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेत शेंद्रा–बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची ‘ऑरिक सिटी’ आखली गेली. 7 सप्टेंबर 2019 रोजी ऑरिकच्या प्रशासकीय इमारतीचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, आणि त्याच दौऱ्यात बचत गटांच्या महिलांचा राज्यस्तरीय मेळावाही झाला. म्हणजे गावोगावच्या बायकांचं संघटित काम इथे हजारोंच्या संख्येने एकदा डोळ्यांसमोर आलं होतं. याच परिसरात शेंद्रा कमंगरला दरवर्षी चैत्रात मांगीरबाबांची यात्रा भरते आणि दूरदूरचे लोक नवस फेडायला येतात. आठवण टिकवायला काय लागतं, हे या गावाला चांगलं ठाऊक आहे. त्याला एक नाव लागतं, एक जागा लागते, एक तिथी लागते आणि दर वर्षी न चुकता तिथे जाणारी माणसं लागतात. मग गावासाठी झिजलेल्या बाईच्या वाट्याला यातलं काहीच का येऊ नये?

आजीच्या वयाच्या बायकांच्या कामाला खरोखर किती वजन असतं, याचा पुरावा शोधायला फार दूर जावं लागत नाही. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून, अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने 1970 मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. खेड्यात प्रशिक्षित परिचारिका पाठवायच्या, असा सुरुवातीचा बेत होता. पण बाहेरून आलेल्या मुलीने परक्या गावात एकटीने राहणं अवघड, आणि गावानेही तिच्यावर विश्वास टाकणं अवघड. तेव्हा गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. ज्या पुढे आल्या त्यांच्यातल्या बहुतेक निरक्षर, मध्यमवयीन आणि कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. ज्यांच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, त्यांच्याच हातात गावाचं आरोग्य देण्याचा तो निर्णय होता. त्या आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, शिकत आणि गावात परतून शिकलेलं दुसऱ्यांना सांगत. पन्नास वर्षं उलटली. त्यांच्यातल्या ज्या तरण्या होत्या त्या गावाच्या आज्या झाल्या, आणि त्यांच्यापैकी अनेकींनी हे काम म्हातारपणापर्यंत सोडलं नाही.

त्यांचं काम जवळून पाहिलं म्हणजे ‘माया’ हा शब्द किती अपुरा आहे ते कळतं. जुलाबाने सुकलेलं बाळ समोर आहे. टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर ती लवकर खाली बसत नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही. अशा वेळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण अचूक लागतं. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो. मग चमच्या-चमच्याने पाजत बसायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरुवात करायची. बाळ किती वेळा लघवीला झालं हे लक्षात ठेवायचं, आणि कोणत्या खुणा दिसल्या की घरी न थांबता दवाखाना गाठायचा हे ओळखायचं. बाळंतपणाचंही तसंच. पूर्वी नाळ विळ्याने कापत, जखमेवर शेण किंवा राख लावत, आणि आठवड्याभरात बाळ धनुर्वाताने जाई. नवं पातं, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात आणि आईला आधीच दिलेली धनुर्वाताची लस, एवढ्यावर ते मरण टळतं. पण हे चार बदल घरातल्या सासूला पटवायचे तर तिच्याच वयाची, तिच्याच बोलीतली, तिच्याच चुलीजवळ बसू शकणारी बाई लागते. निदान, प्रमाण, निर्णय आणि मनवळवणी ही सगळी कौशल्यं आहेत. रुग्णालयात त्यांना पदं आणि पगार असतात. वस्तीत त्यांना आपण ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणतो.

या कौशल्याचा परिणाम मोजला गेला आहे. जामखेड परिसरात 1971 मध्ये दर हजार जन्मांमागे 176 बालकं वर्षाच्या आत दगावत. 1990 च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला. त्याच काळात देशाचा बालमृत्युदर 129 वरून 1993 पर्यंत 74 वर उतरला होता. म्हणजे काळाबरोबर सगळीकडेच सुधारणा झाली हे खरं, पण जामखेड देशापेक्षा वाईट ठिकाणाहून निघून देशाच्या खूप पुढे गेलं. यात विहिरींचा, पोषणाचा, लसींचा आणि शेतीसुधारणेचाही वाटा होता, मग बायकांचं श्रेय वेगळं कसं काढणार, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर गडचिरोलीत मिळतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाच्या घरच्या घरी देखभालीचं शिक्षण दिलं. तुलनेसाठी 47 गावं तशीच ठेवली, जिथे फक्त नेहमीची सेवा चालू होती. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. दोन्हीकडची गावं त्याच जिल्ह्यातली, पाऊस तोच, गरिबी तीच. फरक होता तो शिकवलेल्या बाईच्या घरभेटींचा. 2011 मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेली.

यात वयाचा काय संबंध, असंही विचारता येईल. तरुण, शिकलेली कार्यकर्ती हेच काम अधिक वेगाने करणार नाही का? काही बाबतींत नक्की करेल. पण काही कामं वयाशिवाय होत नाहीत. झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्याकडे 2006 मध्ये ना पुरेसे डॉक्टर होते ना पैसे. होत्या त्या चौदा आज्या. त्यांना समुपदेशनाचं सोपं तंत्र शिकवून आरोग्य केंद्राबाहेरच्या लाकडी बाकावर बसवलं. त्यांच्या शोना भाषेत नैराश्याला जवळचा शब्द आहे ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करत राहणं. आज्यांनी तोच शब्द वापरला. 2016 मध्ये या ‘मैत्रीच्या बाका’ची 24 केंद्रांवरच्या 573 रुग्णांची चाचणी अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांनी आज्यांजवळ बोललेल्या रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणं लक्षणीय कमी आढळली. आपल्याकडे सुनेने मनातलं सांगावं अशी जागा क्वचितच घरात असते. ती शेजारच्या म्हातारीच्या ओट्यावर असते, कारण ती बोलणं बाहेर नेणार नाही याची खात्री चाळीस वर्षांच्या सहवासातून आलेली असते. अशी पत कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत आदरणीय आक्षेप. सेवा निष्काम असते, तिची वही ठेवली की तिचं मोल कमी होतं, आणि खुद्द आजीलाच हे आवडलं नसतं. हा आक्षेप घेणारी माणसं चांगल्या मनाची असतात, म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. मोबदला मागणं वेगळं आणि नोंद राहणं वेगळं. आपल्याच परंपरेकडे पाहा. गंगाखेडच्या जनाबाईंनी स्वतःला दासी म्हणवून घेतलं, पण अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफायला त्या विसरल्या नाहीत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाईंनी तर आपलं आयुष्यच अभंगांतून सांगितलं. नम्रता आणि नाव यांच्यात या बायकांना विरोध दिसला नाही. कामाचा मोठेपणा घेऊ नये हे संतांनी शिकवलं. ते काम विसरून जावं असं त्यांनी शिकवलं नाही. आणि जगाचा व्यवहारही आता याच बाजूला आला आहे. ऑक्टोबर 2013 मध्ये जिनिव्हात झालेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने बिनपगारी स्वयंसेवेला ‘काम’ या व्याख्येत जागा दिली. आपल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामावर ते करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97, असं दिसलं. ही पाच तासांची धुणी-भांडी-चूल उरकून मग आजी दुसऱ्याच्या दारी जात होती. हे मोजलं म्हणून तिचा त्याग लहान होत नाही. तो किती मोठा होता हे पहिल्यांदा कळतं.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो, आणि तो जास्त बोचतो. बायकांच्या सेवेचे गोडवे गायले की सरकारला पगार द्यायची गरज उरत नाही. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्ती आल्या. आज देशभर त्या दहा लाखांच्या घरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये त्यांचा गौरव केला, तरी त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणून मुख्यतः कामावर आधारित मोबदलाच मिळतो, आणि हक्कासाठी त्यांना महाराष्ट्रातही संप करावे लागले आहेत. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच जातो. ज्या कामाचे तास कोणी लिहिले नाहीत, त्याचा मोबदला कशाच्या आधारे मागणार? विशेषणं दिली की कर्तव्य संपल्यासारखं वाटतं. हिशेब लिहिला की मागणीला पाया मिळतो. एका आजीने तीस वर्षं काय-काय केलं याची यादी गावाजवळ असेल, तर तेच काम आज करणाऱ्या आशाताईंना गाव ‘एवढं तर करायलाच हवं’ असं म्हणू शकणार नाही.

श्रेय डॉक्टरांचं आणि संस्थांचं, बायका फक्त मदतनीस, असंही काहीजण मानतात. आरोळे दाम्पत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण मिळाला, आणि ते सार्थच होतं. पण जामखेडच्याच मुक्ताबाई पोळ या गाव-आरोग्यसेविकेने 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत या समजुतीला जे उत्तर दिलं, ते आजही जगभर सांगितलं जातं. सभागृहातल्या झगमगत्या महागड्या झुंबरांकडे त्यांनी लक्ष वेधलं. मग सोबत आणलेली साधी वातीची दिवली पेटवली आणि तिच्यावरून दुसरी पेटवली. सांगायचं ते असं की झुंबर सुंदर असतं, पण ते छताला टांगलेलं असतं आणि आपला उजेड दुसऱ्याला देऊ शकत नाही. दिवली स्वस्त, लहान, पण एकीवरून दुसरी लागत जाते. या बाईंचं नाव आज आपण घेऊ शकतो, कारण त्या सभेत कोणीतरी ते लिहून ठेवलं. त्यांच्यासारखीच दिवली घेऊन गावोगाव फिरलेल्या इतर शेकडो जणींचं नाव त्यांच्या गावाबाहेर पोचलं नाही. फरक कर्तृत्वाचा नव्हता, नोंदीचा होता.

काळ बदलला, आता शेंद्र्याला चारचाकी बोलावली की अर्ध्या तासात शहरातलं मोठं रुग्णालय, मग आजीच्या ज्ञानाची गरज कोणाला, असा चौथा प्रश्न आहे. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, यात शंका नाही. विळा परत आणायचा नाही. पण औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्यांत काय दिसतं? कामासाठी घर सोडून आलेली तरुण जोडपी, पाळीवर जाणारा नवरा, पहिलं बाळ आणि सोबत मोठं माणूस कोणी नाही. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर बाळ दूध ओढत नाही, छातीत गाठी आल्या, रात्री भीती वाटते, हे कोणाला विचारायचं? गडचिरोलीचा अनुभव सांगतो की नवजात बाळाचा धोका दवाखान्याच्या दारात संपत नाही, पहिले काही आठवडे घरातच तो टळतो किंवा वाढतो. ऑरिकच्या आराखड्यात रस्ते, पाणी, वीज यांची तरतूद काळजीपूर्वक केली आहे. शेजारची जाणती बाई मात्र कोणत्याही आराखड्यात आपोआप येत नाही. जुन्या गावाने ती कशी घडवली होती हे लिहून ठेवलं, तर नव्या वस्तीला ती पुन्हा घडवता येईल.

राहिला प्रश्न कसं लिहायचं याचा. ती तर गेली, ती निरक्षर होती, कागद काही नाही. इथे खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण पुरेसं आहे. त्या निरक्षर होत्या. शेतात, घरात काम करताना गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी ती टिपली. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह निघाला. घरात लिहिणारं कोणी नसतं तर मराठी कवितेचा एवढा मोठा ठेवा चितेबरोबर गेला असता. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तेही अशाच विश्वासावर, की बाईचं बोलणं नोंदवण्याजोगं आहे. ओव्या वाचल्या, आता काम वाचवायचं आहे. त्यासाठी संशोधक लागत नाही. शंभर पानी वही, मोबाईलचं ध्वनिमुद्रण आणि नेमके प्रश्न लागतात. तिने कोणाकोणाला मदत केली, किती वर्षं? तिला हे कोणी शिकवलं, आणि तिने कोणाला शिकवलं? 1972 च्या दुष्काळात ती काय करत होती? गावाशी तिचं भांडण कशावरून झालं? तिच्याकडून काय चुकलं? हा शेवटचा प्रश्न गाळू नये. ती देवी नव्हती. चुकांसकट लिहिलेली बाईच पुढच्या पिढीला काही शिकवू शकते, देव्हाऱ्यात बसवलेली नाही. आणि दुसऱ्यांच्या घरातली गुपितं, आजार, नावं वहीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण तिनेही ती आयुष्यभर घेतली होती.

दिवाळीला घरं भरलेली असतात. पुण्या-मुंबईची, पाळीवरून सुटलेली, परदेशातून आलेली माणसं एका ओट्यावर असतात, आणि तिला ओळखणारी तिच्या वयाची दोन-चार माणसं अजून हयात असतात. त्यांना गाठायला हीच वेळ. भाऊबीज आटोपली की एक दुपार काढा, वही उघडा, पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव लिहा. ‘अमक्याची आई’ नव्हे, तिचं स्वतःचं नाव, माहेरच्या गावासकट. मग व्यवसाय या शब्दापुढे ती खरोखर जे करत होती ते सगळं लिहा. 26 जानेवारीला गावात ग्रामसभा असते. तिथे ती वही वाचून दाखवा आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. दर गावाने दर वर्षी एका आजीची वही केली, तरी दहा वर्षांत गावाला आपला खरा इतिहास मिळेल. रकाना अजून कोरा आहे, आणि तो भरायला सरकारी आदेशाची वाट पाहायचं कारण नाही.